वसईचा वेढा आणि झेरॉक्सवाला

64 पानं, त्यातली 32 उलटी. पाठपोट छापताना कागद लांब कडेऐवजी आखूड कडेवर फिरवला की असं होतं. पैसे मात्र सुलट घेतले.

"हे फटाक्याचं हाये का?" सुरुंगाच्या पानावर बोट ठेवून झेरॉक्सवाल्यानं विचारलं.

"खेळाचे नियम आहेत. टेबलावर छोटे शिपाई मांडून, फासे टाकून लढाई खेळायची."

"64 पानं? लुडोचे तं डब्याच्या झाकणावर मावतेत." मागं आधार कार्डवाल्या काकू हसल्या. "कोणता किल्ला खेळून राहिले?"

"वसईचा."

"इतक्या लांबचा काहून? आपला सीताबर्डीचा खेळा ना, इथंच तं हाये."

इथं गप्प बसायला हवं होतं. पण नाही, भर रांगेत मी सांगत सुटलो, की 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी लढाई पेटली तेव्हा तिथं किल्ला नव्हताच, दोन टेकड्या होत्या. किल्ला इंग्रजांनी नंतर बांधला.

"लढाई किती दिवस चालली?"

"दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत."

"अन् वसई?"

"फेब्रुवारी ते मे, 1739."

"मंग तुमचं पुस्तक दिवसाचं हाये का मिनिटाचं?"

मी पान उलटलं. मग पुस्तक उलटलं. एक चाल म्हणजे 15 मिनिटं! म्हणजे 90 दिवसांच्या वेढ्याला 8640 चाली. जो प्रश्न मी पुस्तक निवडतानाच विचारायचा, तो यानं टोनर हलवता हलवता विचारला. अजून झोंबतंय.

मैदानी लढाईचे नियम वेढ्याला इथंच तोकडे पडतात. वेढा दोन थरांत खेळावा. खंदक, रसद, दारू आणि आजारपण कागदी नकाशावर, एका चालीला एक दिवस. तटाला खिंडार पडलं की मगच टेबल, आणि तिथं मिनिटांच्या चाली.

सगळंच टेबलावर मांडायचा हट्ट असेल तर हिशोब करून बघा. सहा बाय चार फुटी टेबल, 1 सेंटिमीटरला 5 मीटर. मोर्चेबंदी सुमारे 600 मीटरवरून सुरू केली तर 120 सेंटिमीटर खंदकातच गेले, किल्ल्याला उरले 60. बंदुकीचा खात्रीचा पल्ला 100 मीटर, म्हणजे 20 सेंटिमीटर. आणि दुकानदार कौतुकानं विकतो तो 28 मिलिमीटरचा शिपाई या मापात 14 मीटर उंच! त्याला शिडी कशाला? 6 मिलिमीटरचे घ्या.

वसईचा सेंट सेबॅस्टियन बुरूज मराठ्यांनी सुरुंगानं पाडला. म्हणून सुरुंगाचा नियम नीट तपासा. हल्लेखोरानं जागा चिठ्ठीवर गुपचूप लिहावी, फासा टाकावा. 1 पडला तर सुरुंग फुसका, 2 पडला तर उशिरा, आपलीच माणसं खिंडारात शिरल्यावर. ज्या पुस्तकात सुरुंग हमखास उडतो ते लिहिणाऱ्यानं दिवाळीत ओला सुतळी बॉम्बही पाहिलेला नसावा. तहाची पायरीही हवीच. वसई शेवटी अटी ठरवून खाली झाली, आणि आमचे गडी शेवटचा शिपाई पडेपर्यंत फासे टाकत बसतात.

तहाचं पान उलट्यांत आलंय. बदलून मागितलं तर म्हणाला, "भाऊ, खेळच हाये ना."