गोड जर्मन वाइनला ‘सरबत’ म्हणणाऱ्यांसाठी

वाइनबद्दल शहाणपण शिकवणारा एक मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. त्याचा सारांश असा: जर्मनीची गोड पांढरी वाइन म्हणजे साखर घातलेलं सरबत, कुजकी, उरलीसुरली द्राक्षं खपवायची ती युक्ती, खरा जाणकार फक्त ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, पितो, म्हणून ‘श्पेटलेझ’ (शब्दशः ‘उशिराची तोडणी’) लिहिलेली बाटली दिसली की पुढे सरकावं.

साखरेचं आधी बघू. श्पेटलेझ, आउसलेझ आणि त्यांच्या वरच्या दर्जांच्या वाइनमध्ये बाहेरची साखर घालायला जर्मन कायद्याने बंदी आहे. दर्जा ठरतो तो द्राक्षरसात मुळात असलेल्या साखरेवर. ती ‘अक्सल’ अंशांत मोजतात. मोझेल नदीकाठच्या रीसलिंग द्राक्षाच्या वाइनला श्पेटलेझ म्हणवून घ्यायलाही ठरलेले किमान अंश लागतात, ट्रॉकनबेरेनआउसलेझ या सगळ्यात वरच्या दर्जाला तर 150. सगळी साखर मद्यार्कात बदलायच्या आत आंबणं थांबतं किंवा थांबवलं जातं आणि गोडवा मागे राहतो. न आंबलेला द्राक्षरस थोडा राखून नंतर मिसळायची मुभा काही वाइनना आहे, पण तोही द्राक्षाचाच रस.

आता ‘कुजकी’ द्राक्षं. इथे मजकूर लिहिणाऱ्याने अर्धवट ऐकलंय. बोट्रायटिस नावाची बुरशी खरंच असते. अवकाळी पावसानंतर ती घडात शिरली की काय होतं, हे नाशिकच्या बागाईतदाराला वेगळं सांगायला नको. पण नदीकाठी सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असा शरद ऋतू लाभला, तर तीच बुरशी पिकल्या मण्याच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, आणि आत साखर, आम्ल, स्वाद सगळं आटून घट्ट होतं. मणी सुरकुततो, तपकिरी पडतो, दिसायला अगदीच गचाळ. ट्रॉकनबेरेनआउसलेझसाठी असे मणी वेचून घेतात. रस निघतो थेंबाथेंबाने. 2015 साली ट्रियरच्या लिलावात एगॉन म्युलर या वाइन उत्पादकाच्या 2003 च्या अशा वाइनची एक बाटली 12,000 युरोंच्या घरात गेली. उरलासुरला माल असा विकला जात असेल, तर आपल्या बाजार समित्यांनी धडे घ्यावेत!

ऱ्हाइनगाउ या जर्मन वाइनच्या मुलखातल्या योहानिसबर्गच्या मळ्याची कथा प्रसिद्ध आहे. 1775 साली मळ्याचे मालक असलेल्या फुल्डाच्या धर्माधिपतींकडून तोडणीची परवानगी आणणारा स्वार उशिरा पोहोचला, तोवर द्राक्षांवर बुरशी धरली, आणि निघालेल्या वाइनने सगळे थक्क झाले. कथेला मीठमसाला लागला असणारच, पण त्या स्वाराचा पुतळा तिथे उभा आहे.

‘सरबत’ हा शब्द मात्र मला खटकतो. कोलातही लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर असते आणि कित्येक श्पेटलेझ त्याच्या आसपास जातात, हे खरं. (मधुमेह असेल तर हा लेख वाचून बाटली उघडू नका.) पण रीसलिंगमध्ये सोबत लिटरमागे सात-आठ ग्रॅम आम्लही असतं. पहिला घोट गोड लागतो, आणि गिळता गिळता जिभेच्या कडांना पाणी सुटतं. मोझेलच्या लांबलेल्या थंड शरदात द्राक्ष पिकतं, तरी आंबटपणा टिकून राहतो. नाशिकलाही उशिरा तोडलेल्या शेनँ ब्लाँ जातीच्या द्राक्षांची गोड वाइन होते; पण तिथे तोडणी लांबते तसा उन्हाळा चढतो आणि आम्ल झपाट्याने उतरतं. म्हणून जातकुळी वेगळी.

जाणकार गोड पीत नाहीत, या समजाचं मूळ मला कळतं. लीबफ्राउमिल्ख या स्वस्त जर्मन वाइनच्या नावाने विसाव्या शतकात जगभर जे गुळमट पाणी विकलं गेलं, त्याने जर्मनीचं नाव घालवलं. पण त्यावरून मोझेलकाठच्या वेलेन गावातल्या योहान योझेफ प्र्यूम या नामांकित घराण्याच्या श्पेटलेझलाही तोच न्याय लावायचा? झणझणीत कोळंबीसोबत मला तरी हीच हवी. तिखटावर जास्त मद्यार्काची ड्राय वाइन आगीत तेल ओतते. ही जेमतेम आठ टक्क्यांची, थंडगार, गोडवा तोंड निववतो.

आणि श्पेटलेझ म्हणजे गोडच, हेही चूक. ती ड्रायसुद्धा निघते. लेबलवर ‘ट्रॉकन’, म्हणजे ड्राय, लिहिलेलं असतं. ते सापडलं नाही तर मद्यार्काचा आकडा बघा. साडेसात ते नऊ टक्के असेल तर बहुधा गोड, बाराच्या पुढे असेल तर बहुतेक साखर आंबून गेलेली.