मोहल्ला समितीत बसणारा माणूस खबऱ्या नसतो

गेल्या आठवड्यात माझ्या आत्याचा फोन आला. "चौकीतल्या त्या वहीतून माझं नाव खोडून घे रे बाबा," अशी ती विनवणी करत होती. आमच्या भागातील मोहल्ला समितीच्या, म्हणजे वस्तीतली माणसे आणि पोलीस एकत्र बसतात त्या समितीच्या, बैठकांना ती अनेक वर्षे जाते. कारण विचारले तेव्हा तिने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश वाचून दाखवला: समितीतले लोक पोलिसांचे खबरे असतात, त्यांच्या सहीवर पोरांना उचलतात, समित्यांनी एकही दंगल थांबवलेली नाही आणि तिथे नुसते पुढारी मिरवतात.

यातला सहीचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण त्यामुळे साधीसुधी माणसेच आधी दूर होतात. वहीतील सही हजेरीची असते. ती ना जबाबावरची, ना पंचनाम्यावरची. तपासात साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या जबाबावरसुद्धा त्याची सही घ्यायची नाही, असे कायदाच सांगतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये आहे. शिवाय खबऱ्या गुपचूप बोलतो. आत्याने मात्र भरल्या बैठकीत, साहेबांच्या तोंडावर, रात्रीची गस्त आमच्या मागच्या गल्लीत का फिरकत नाही, असे विचारले होते.

दंगलींबाबत तर भिवंडीकडे पाहावे. १९७० आणि १९८४ साली होरपळलेल्या या यंत्रमागांच्या शहरात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना पोलिसांसह एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढे १९९२-९३ मध्ये मुंबईतल्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार, ९०० माणसे मेली, तेव्हा जवळचीच भिवंडी शांत राहिली. त्याचे सगळे श्रेय समित्यांचे नसेलही, पण मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी त्यानंतर मुंबईत हाच मार्ग धरला, हे विसरता येत नाही.

२००६ साली त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला आणि दोन पोलीस मारले गेले, हे मान्य करावे लागते. समिती एकदा नेमली की कायमची पुरते, असे नाही.

पुढाऱ्यांचे म्हणाल, तर काही ठिकाणी ते खरे आहे. पण आत्यासारख्या बायका नाव खोडून घरी बसल्या, तर त्यांच्या खुर्चीवरही पुढारीच येऊन बसतील. मी तिचे नाव खोडलेले नाही.