दोन वाट्या कलिंगड म्हणजे दिवसभराचं पाणी नव्हे

माझी आत्या शुक्रवार पेठेत राहते. वय एकाहत्तर, बीपीची गोळी चालू. रविवारी दुपारी गेले तर पलंगावर आडवी पडलेली, ओठ सुकलेले, बोलताना जीभ टाळ्याला चिकटत होती. "पाणी प्यालीस का?" तर म्हणाली, "सकाळपासनं दोन वाट्या कलिंगड खाल्लंय की. पाणी प्यायचं नसतंय, खायचं असतंय." आणि मोबाईल पुढं केला. भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज. तोच आठवड्यात मला आणखी तीन ठिकाणांहून आला, म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजचं म्हणणं असं: फळांतलं पाणी 'जिवंत', षटकोनी रचनेचं असतं, ते थेट पेशींत मुरतं. साधं पाणी नुसतं लघवीवाटे जातं आणि किडनी थकवतं. म्हणून उन्हाळ्यात कलिंगड, काकडी, उसाचा रस घ्या. पाणी तहान लागली तरच, तेही घोटभर. चहा तर अंगातलं पाणी ओढून घेतो.

आधी आत्याच्या वाट्यांचा हिशेब. कलिंगडात साधारण ९२ टक्के पाणी असतं, हे खरं. दोन वाट्या फोडी म्हणजे फार तर ३०० ग्रॅम, म्हणजे पावणेतीनशे मिली पाणी. पेला-सव्वा पेला! दोन लिटर पाणी कलिंगडातूनच काढायचं तर दोन किलोच्या वर गर खावा लागेल, आणि त्याबरोबर सव्वाशे ग्रॅमहून जास्त साखर पोटात जाईल. घरात कुणाला मधुमेह असेल तर हा मेसेज त्याच्या हाती पडू नये एवढंच बघा.

'जिवंत' पाण्याला तर काही आधारच नाही. द्रव पाण्यातले रेणू एकमेकांना धरतात आणि सोडतात, तेही सेकंदाच्या लाखकोटीव्या भागाच्या आसपास. षटकोन टिकणार कुठे? कलिंगडाची फोड चावली, जठरातल्या आम्लात गेली, आतड्यातून रक्तात आली, की ते पाणी आणि माठातलं पाणी एकच. फळातल्या चोथ्यामुळं ते जरा सावकाश शोषलं जातं, एवढंच. जास्तीचं पाणी लघवीतून जातं, मग ते काकडीचं असो की नळाचं. आणि किडनी थकायची गोष्ट! निरोगी किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. दोन पेले जास्त प्याल्यानं त्यांचं काय बिघडणार? उलट पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि मुतखड्याला निमित्त मिळतं.

मला सगळ्यात राग आला तो 'तहान लागली तरच' या वाक्याचा. वय वाढलं की तहानेची जाणीवच बोथट होते. त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. आत्याची तसलीच आहे. अशा माणसाला एप्रिलच्या उन्हात तहानेची वाट बघत बसवायचं?

आता जे खरं आहे ते मान्य करते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अकादमींच्या २००४ च्या अहवालात आहे की तिथल्या लोकांना रोजच्या पाण्यातलं सुमारे ८० टक्के पेयांतून मिळतं आणि २० टक्के अन्नातून. आपल्या ताटात हा वाटा थोडा जास्तही असेल: शिजलेल्या भातात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी, वर आमटी, ताक, आंबील. पण वाटा म्हणजे सगळं नव्हे.

उसाचा रस आपल्याकडं कौतुकाचा, मलाही आवडतो. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शिकेत १०० मिली रसात १३ ते १५ ग्रॅम साखर सांगून तो कमीत कमी घ्या म्हटलंय. चहाचं सांगायचं तर, त्यानं लघवी जरा वाढते, पण कपातलं पाणी अंगात राहतंच.

हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल त्यांनी ते मोजूनच घ्यावं, आणि फळांचंही त्यांनाच विचारावं. आत्याला तसं काही नाही. तिच्या उशाशी मी तांब्या भरून ठेवलाय, दुपारी बाराला आणि चारला फोन करते, आणि तांब्या कितपत उतरलाय ते विचारते.