परतीचे अंक आणि देसाईंचे संस्कार

पक्यानं ग्रुपवर फोटो टाकले आणि रविवार सकाळ त्यातच गेली. लुईस हाइन या अमेरिकन फोटोग्राफरनं १९१० साली सेंट लुईसमध्ये टिपलेली पेपर विकणारी पोरं.

"याला म्हणतात स्वावलंबन!" देसाई.

"तोंडात सिगारेटी आहेत त्यांच्या."

"आणि सोमवार सकाळचे अकरा वाजलेत, हाइननं लिहून ठेवलंय," बाळू म्हणाला. "शाळा भरलेली असते तेव्हा."

बाळूचा पेपरचा स्टॉल कट्ट्याला लागूनच. या विषयात त्याच्यापुढं कुणी बोलू नये खरं तर. देसाई सगळ्यावर बोलतात.

"अरे, एडिसनसुद्धा रेल्वेत पेपर विकायचा!"

"लॉटरी लागलेल्याचाच फोटो दुकानात लावतात, साहेब. बाकीच्यांचं ऐका. १८९९, न्यूयॉर्क. अमेरिकेच्या स्पेनशी झालेल्या युद्धात खप वाढला म्हणून पेपरच्या मालकांनी पोरांना द्यायच्या शंभराच्या गठ्ठ्याचे पन्नासाचे साठ सेंट केले. युद्ध संपल्यावर बाकीच्या मालकांनी उतरवले, पुलित्झर आणि हर्स्ट या दोन बड्या मालकांनी नाही. पेपर विकायचा एक सेंटला. सगळे खपले तर चाळीस सुटले, नाहीतर उरलेले पोराच्या अंगावर."

"पांघरायला?" पक्या.

"थंडीत तेही. परत घेतच नव्हते. म्हणून रात्री उशिरापर्यंत ओरडत हिंडायची."

"मग केला असेल संप! युनियनबाजी! आमच्या बँकेत..."

"तुमच्या बँकेत संपाच्या दिवशी तुम्ही मागच्या दारानं आत गेलात," शिरीष म्हणाला, "आणि पगारवाढ मात्र पुढच्या दारानं घेतलीत."

हे दर दोन महिन्यांनी निघतं. देसाईंनी मान पेपरात घातली.

"दोन आठवडे चालला संप," बाळू सांगत राहिला. "पुलित्झरच्या 'वर्ल्ड'चा खप साडेतीन लाखांवरून सव्वा लाखावर. शेवटी भाव साठच राहिला, पण उरलेले अंक परत घ्यायचं कबूल केलं."

"म्हणजे हरलीच की पोरं," शिरीष.

"तू कधी धंदा केलायस? दहा सेंट जास्त गेले तरी माणूस तग धरतो, परतीनं मरतो. माल परत जाणार म्हटल्यावर रात्री घरी तरी जाता येतं."

शिरीष गप्प. (शिरीष गप्प, ही त्या दिवसाची खरी बातमी.)

"तरी संस्कार म्हणून वाईट नाही," देसाई पेपरातूनच. "सुट्टीत नातवाला पाठवतो तुझ्याकडं."

"पाठवा. पहाटे चारला गठ्ठे उतरतात."

"चारला? पोर आजारी पडेल!"

पक्याला चहाचा ठसका लागला. देसाईंनी पेपर घडी घालून पुन्हा गठ्ठ्यावर ठेवला.

"तो न्या आता," बाळू म्हणाला. "शब्दकोडं सोडवलेला अंक परतीला चालत नाही."

सुट्टे नव्हते. पैसे पक्यानं दिले, आणि ते बुडाले हे त्यालाही माहीत आहे.