बिडर क्रमांक 3 आणि आईनं घासलेली नाणी

बिडर क्रमांक 3, म्हणजे ऑनलाइन हराशीत (लिलावात) माझ्याविरुद्ध बोली लावणारा तो माणूस, कोण होता, हे मला आजवर कळलेलं नाही. कळलं तर मी त्याला चहा पाजीन आणि मग विचारीन, की बाबा, तुला खरंच त्या मोटारी पाहिजे होत्या का माझ्यासारखाच तूही पेटला होतास?

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. माझं परभणीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरायचं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचा माल ऑनलाइन हराशीत निघाला होता. 38 जळक्या मोटारी, 5 ते 15 एचपीच्या, एकाच लॉटमध्ये. फोटो बघून आतल्या तारेच्या तांब्याचा अंदाज काढला आणि वहीत आकडा लिहिला : 3 लाख 10 हजार. त्याच्या वर एक रुपया नाही.

हराशी बंद व्हायची वेळ दुपारी चारची. चारला तीन मिनिटं कमी असताना माझी बोली सगळ्यात वर होती. नेमकी 3 लाख 10 हजार. इतक्यात बिडर क्रमांक 3 नं पाच हजार चढवले. अशा हराशीत शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की घड्याळ आपोआप आणखी पाच मिनिटं पुढं जातं. मी चढवले, त्यानं चढवले. काउंटरवर एक शेतकरी स्टार्टर घेऊन उभा होता, त्याला "थांबा दादा, झालंच" म्हणत म्हणत मी पाऊण तास घालवला. लॉट माझ्या नावावर पडला. 3 लाख 85 हजाराला! मुठी आवळून ओरडलो मी. शेतकरी म्हणाला, "मॅच जिंकली का हो?"

माल उचलायला गेलो तेव्हा कळलं काय जिंकलो ते. पाच मोटारींत नुसती बॉडी होती, आतलं सगळं आधीच कुणी तरी काढून नेलेलं. चौदा मोटारींत वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, अॅल्युमिनियमची. जळाल्यावर तांबं आणि अॅल्युमिनियम दोन्ही काळंच दिसतं, फोटोत तर फरक कळतच नाही. ब्लेडनं तारेवरचं वार्निश खरवडलं की लगेच कळतं, खालून लाल निघालं की पांढरं. हे माझं रोजचं काम आहे हो! पंचवीस वर्षं हेच करतोय. पण शर्तीत माल पाहायला दोन दिवस दिले होते आणि मी गेलो नव्हतो. दुकान बंद ठेवायला नको, गाडीभाडं कशाला, वगैरे. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 69 हजार 300. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. हायड्रा क्रेन आणि ट्रक मिळून 22 हजार. सगळा हिशेब केल्यावर साधारण पासष्ट हजारांचा खड्डा पडला.

भांडायला तोंड नव्हतं. शर्तीत स्पष्ट लिहिलेलं असतं : जसा आहे, जिथं आहे, तसा. ज्या ओळी आपण सगळ्यात भरभर खाली सरकवतो, त्यांच्यातच सगळा व्यवहार लिहिलेला असतो.

आता गंमत अशी, की मराठवाड्यातल्या माणसाला हराशी शिकवायची गरजच नाही. आपण मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, वाढलेली माणसं. वडिलांबरोबर सोयाबीन घेऊन गेलेल्या कुणालाही आठवेल. खरेदीदार येतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळातला माल वर काढतो, दोन दाणे दाताखाली धरतो आणि ओलावा किती ते तिथंच सांगतो. मग कुठं बोलीला तोंड उघडतो. मला एकही असा खरेदीदार आठवत नाही, ज्यानं ढिगात हात न घालता बोली लावली. गुरांच्या बाजारातलं तर आणखी वेगळं, तिथं रुमालाखाली बोटं दाबून सौदा. बाजूला उभ्या माणसाला भाव कळत नाही, त्यामुळं त्याच्यावर इरेला पेटायची पाळीच येत नाही. आपले आजोबे शहाणे होते.

मोबाइलवरच्या हराशीनं काय केलं, तर ढिगात हात घालायची सोय काढून घेतली आणि इरेला पेटायची सोय मात्र घरपोच दिली. त्यामुळं माझं मत असं झालंय, की ऑनलाइन हराशी हा जिगरीचा खेळ नाहीच, माहितीचा आहे. आणि माहिती बोली लावण्याच्या आधी गोळा होते, बोलीच्या वेळी गोळा होतो तो फक्त घाम.

माझा आकडा चुकीचा होता का? नव्हता. 3 लाख 10 हजाराला घेतला असता तर आतला माल तसा निघूनसुद्धा खड्डा पडला नसता. म्हणून आता आकडा मी काढतो आणि बोली माझी बायको लावते. तिला मोटारीतलं काही कळत नाही आणि बिडर क्रमांक 3 बद्दल तिच्या मनात काही नाही. आकडा आला की ती मोबाइल ठेवून भाजी निवडायला लागते. गेल्या वर्षभरात आम्ही सात हराशा हरलो आणि दोन घेतल्या. दोन्हींत पैसे सुटले.

यावर अर्थशास्त्रवाल्यांनी मोठं काम केलंय. विल्यम विक्रे नावाच्या माणसानं 1961 मध्ये मांडलं होतं, की बंद बोलीत सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्यानं दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढेच पैसे द्यायचे असा नियम ठेवला, तर माणसानं मनातला खरा आकडा सांगणं हेच त्याच्या फायद्याचं ठरतं. नाण्यांच्या बऱ्याच ऑनलाइन हराशीत जवळपास हेच चालतं. तुम्ही 4 हजार ही कमाल बोली भरून ठेवता, दुसऱ्याची कमाल 2600 असेल तर लॉट तुम्हाला 2700 च्या आसपास पडतो. लोकांना वाटतं आपण 4 हजार भरले म्हणजे गेलेच 4 हजार. तसं नसतं. एकदाच खरा आकडा भरा आणि जेवायला बसा. पुढं 2020 चं अर्थशास्त्राचं नोबेल हराशीच्या अभ्यासासाठीच मिळालं, पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना. त्या विल्सनसाहेबांना विचारलं, तुम्ही स्वतः कधी हराशीत काही घेतलंय का? ते आधी नाही म्हणाले, मग बायकोनं आठवण करून दिली, की ईबेवरून बर्फावर घसरायचे बूट घेतले होते की आपण. म्हणजे तिथंही हिशेब बायकोकडंच.

आता विकायची बाजू. ही मला आईमुळं कळली.

आजोबांचा पत्र्याचा एक डबा होता. त्यात अकरा हाली रुपये. नव्या पोरांसाठी सांगतो, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि इथं निजामाचं नाणं चालायचं, तो हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार असा भाव. हाली रुपयात चांदी 81.8 टक्के, वजन 11.18 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे निव्वळ चांदी 9 ग्रॅमहून थोडी जास्त. एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या कमानीत एक उर्दू अक्षर. निजाम महबूब अली खानाच्या नाण्यावर मीम, त्याच्यानंतरच्या निजाम उस्मान अली खानाच्या नाण्यावर ऐन. 1911-12 च्या सुमाराच्या नाण्यांत तर हे ऐन काहींवर अर्धं आहे नि काहींवर पूर्ण, आणि जमवणारे लोक भिंग घेऊन तेवढंच बघत बसतात.

बहिणीच्या पोरीच्या फीसाठी सात नाणी विकायचं ठरलं. आईनं आदल्या दिवाळीत त्यातली चार चिंच आणि राखेनं घासून आरशासारखी केलेली. तीन डब्याच्या तळाला राहिली, ती काळीच. मला वाटलं चकचकीत चार हातोहात जातील. झालं उलटं. घासलेली चारही चांदीच्या भावापेक्षा थोडीच वर गेली. काळ्या तिघांपैकी एकाचं, कमानीतलं ऐन अगदी कोरल्यासारखं स्पष्ट होतं. ते घासलेल्याच्या तिप्पट भावानं गेलं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लक्ष्मीपूजनाला काळं नाणं ठेवीत असतेत का रे?" तिचं बरोबर आहे. देव्हाऱ्याचा भाव वेगळा आणि हराशीचा वेगळा. नाण्यावरचा काळेपणा हा मळ नसतो, ते त्याचं वय असतं. घासलं की काळ्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या कडांचे. विकायच्या आधी नाणं, पितळी भांडं, समई, जुना अडकित्ता, काहीही घासू नका. एवढं एकच ऐकलंत तरी पोस्ट लिहिल्याचं सार्थक.

दुसरं, खोट आधी सांगा. त्या घासलेल्या चार नाण्यांखाली मी लिहिलं होतं : "घरी चिंचेनं साफ केलेली आहेत, कडा झिजल्या आहेत, एकाला टाका होता तो काढलेला आहे." मित्र म्हणाला वेडा आहेस का, गिऱ्हाईक पळेल. एकही नाणं परत आलं नाही. ज्या नाण्याखाली "दुर्मीळ, अतिदुर्मीळ, संग्राह्य" लिहिलेलं असतं आणि फोटो फ्लॅश मारून पांढराफट्ट, तिथून जाणता माणूस निघून जातो. दुर्मीळ आहे का नाही ते तो ठरवतो, तुम्ही त्याला राजा कोणता, साल कोणतं, वजन किती ते सांगा. सकाळी खिडकीपाशी, दोन्ही बाजू, कड, आणि काट्यावर ठेवून वजनाचा आकडा दिसेल असा एक फोटो. ढिगात हात घालू देणं म्हणतात ते हेच.

सुरुवातीची बोली मी चांदीच्या भावाच्या जरा खाली ठेवतो. भारी आकडा लावून बसलं की कुणी फिरकत नाही, आणि दोघं आल्याशिवाय हराशी कसली? एकटा गिऱ्हाईक म्हणजे दुकान झालं. शेवटची वेळ रविवारी रात्री नऊच्या पुढची. पोळ्याच्या दिवशी संपणारी हराशी मी एकदा लावली होती. दोन बोल्या आल्या, त्यातली एक चुकून.

बँकांच्या मालमत्तेच्या हराशीबद्दल बरेच जण इनबॉक्समध्ये विचारतात. मी त्यात पडलो नाही, मामेभाऊ पडला म्हणून तेवढ्यापुरतं माहीत आहे. सरफेसी हा 2002 चा कायदा, थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता बँकेला विकू देणारा. सहसा राखीव किमतीच्या 10 टक्के अनामत, बोली लागली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत 25 टक्के पूर्ण, उरलेले 75 टक्के पंधरा दिवसांत. कर्ज मंजूर व्हायला महिना लागतो आणि पैसे चुकले की भरलेलं जप्त, हे गणित आधी जुळवा. जाहिरातीत ताबा "प्रतीकात्मक" लिहिलाय का "प्रत्यक्ष" ते बघा. प्रतीकात्मक म्हणजे आत कुणी तरी स्वयंपाक करतंय. वीजबिलाची मागची थकबाकी विचारा. नियमांत तरतूद असेल तर वीज कंपनी ती नव्या जोडणीची अट म्हणून मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलंय. आणि शेतजमीन या कायद्यात बसत नाही. एनए नाही, सातबारावर पीक आहे आणि तरी सरफेसीत निघालीय म्हणून कुणी सांगत असेल, तर आधी वकील गाठा.

फसवणुकीचं एक सांगतो, कारण गल्लीतल्या एका काकांचे आठ हजार गेलेत. ट्रॅक्टरवाली पाचाची नोट, 786 नंबरची नोट, लाखात विका. फोन येतो, माणूस गोड बोलतो, मग नोंदणी फी, कर, बँकेचं कमिशन. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये सांगून टाकलंय, की असल्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कुठलंही कमिशन घेत नाही. साधा विचार करा, विकणाऱ्याकडून आधीच पैसे घेणारा गिऱ्हाईक मोंढ्यात कधी बघितलाय का?

आणि कुणी परदेशी गिऱ्हाईक जुन्या नाण्याला दुप्पट देतो म्हणाला तरी पाकीट शिवू नका. 1972 च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांवरची नाणी खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. माझं ते ऐनवालं नाणं 1330 हिजरीचं, म्हणजे शंभरी ओलांडलेलं. गेलं ते पुण्यालाच.

डब्यात चार नाणी राहिलीत. त्यांना आईला हात लावू देत नाही, म्हणजे मी तसं म्हणतो, ती ऐकते का ते दिवाळीत कळेल.

बाकी, पुढच्या गुरुवारी जालन्यातला एक मोटारींचा लॉट हराशीत आहे, 22 नग. सोमवारी बघायला जायलोय, खिशात ब्लेड घेऊन. आकडा बायकोला सांगितलाय, तो इथं लिहीत नाही, बिडर क्रमांक 3 माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये असायचा. पुढच्या आठवड्यात जालन्याहून परभणीकडं रिकामी येणारी आयशर कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा, भाडं रोख देतो.