‘गाठीमागे पैसा लावा, बस्स’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कामगारांचा हुरूप कसा वाढवावा या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की हे सगळं एसी ऑफिसातलं आहे. तुमच्या वणीकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, २४ मशीन, ठेकेदाराचे मजूर आणि जेमतेम पाच महिन्यांचा हंगाम. तिथं शाबासकीनं गाठ बांधली जात नाही. गाठीमागे पैसा लावा, मुकादम कडक ठेवा, काम होतं.

शाबासकीबद्दल तुमचं खरं आहे. लेखात ती पहिल्या क्रमांकावर ठेवली, ते चुकलं. जिची दोन आठवड्यांची मजुरी ठेकेदाराकडे अडकली आहे, तिला ‘छान काम करता’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. पण तुमचा उपाय मला पटत नाही. जिनिंगमध्ये तो उलटा पडतो, आणि का पडतो ते तुमच्याच कारखान्याच्या हिशोबानं सांगतो.

२४ डबल रोलर मशीन, प्रत्येकी ताशी ५० किलो रुई धरा. झाली १२०० किलो, म्हणजे १७० किलोच्या सात गाठी. आता मशीनची सगळी ओळ २० मिनिटं बंद पडली की ४०० किलो रुई, दोन गाठींहून जास्त गेली. ही तूट हात भराभर चालवून निघत नाही. मशीनला तिच्या चालीपेक्षा जास्त कापूस दिला की ती तुंबते. म्हणजे उत्पादन बुडतं ते आळसापेक्षा बंद वेळात, आणि बंद वेळ लांबतो तो भीतीपायी.

नऊ नंबरचं मशीन डोळ्यापुढे आणा. सकाळी पावणेनऊला तिथं उभ्या असलेल्या बाईला ठक-ठक ऐकू येतं. सरकी सुटी करणाऱ्या हलत्या सुरीचा बोल्ट ढिला झालाय. पण मागच्या आठवड्यात एकीनं मशीन थांबवलं तेव्हा मुकादम सगळ्यांसमोर ओरडला होता, ‘कोनं सांगतलं बंद कराले?’ म्हणून ही गप्प राहते. दुपारपर्यंत सुरी जागची हलते, सरकी कापली जाते, रुईत सरकीचे तुकडे येतात. त्यात लोखंडाला लोखंड घासलं तर ठिणगी, आणि रुईत ठिणगी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. वीज तोडून बोल्ट आवळायला फिटरला दहा मिनिटं लागली असती. कडक मुकादमानं ती दहा मिनिटं वाचवली आणि दिवस घालवला.

यावर उपाय साधा आहे, पण तो रोज पाळावा लागतो. ज्याला वेगळा आवाज, वास किंवा धूर जाणवेल त्यानं आपलं मशीन थांबवायचं. ‘का थांबवलं?’ हा प्रश्न बंद, ‘काय ऐकलं?’ एवढंच विचारायचं. गाठी दाबणाऱ्या प्रेसजवळ एक काळा फळा लावा. त्यावर खडूनं ‘९ नंबर, ठक-ठक, ८.४५’ असं लिहायचं आणि समोर फिटरनं त्याच पाळीत काय केलं ते लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिचं दुसऱ्यानं लिहावं. काम लगेच होण्यासारखं नसेल तर ‘सुटा भाग उद्या येतो’ असं तरी लिहा. कोरी जागा राहिली की लोक सांगणं सोडतात, आणि एकदा सोडलं की त्या हंगामात परत सुरू होत नाही. पाळी बदलताना दहा मिनिटं दोन्ही पाळ्यांची माणसं त्या फळ्यासमोर उभी राहिली पाहिजेत, आणि ती दहा मिनिटं मजुरीत धरली पाहिजेत.

आता गाठीमागचा पैसा. नुसत्या गाठी मोजल्या की १२ टक्क्यांच्या वर मॉइश्चर असलेला कापूसही कोणी बाजूला काढत नाही, तो रोलरला गुंडाळतो. कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांवर घाई येते, पोत्याच्या प्लास्टिक सुतळ्या, केस, गुटख्याच्या पुड्या तशाच पुढे जातात. बक्षीस आज वाटलं जातं, व्यापाऱ्याची भावातली कपात नंतर येते. शिवाय अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ कामगारांच्या एका गटाचं काम बारकाईनं पाहिलं गेलं. त्यांना गटाच्या उत्पादनावर पैसा मिळत होता, तरी ते आपसात ठरवून एका हद्दीपर्यंतच काम करत. जास्त केलं तर मालक दर कमी करतील ही त्यांची धास्ती होती. आपल्याकडचा माणूस हाच हिशोब मनातल्या मनात करतो.

बक्षीस द्यायचंच तर असं द्या: पहिला आठवडा सोडून पुढच्या १५ पाळ्यांची सरासरी काढा, तोच पाया. तो हंगाम संपेपर्यंत हलवायचा नाही, माणसं कितीही पुढे गेली तरी. पायाच्या वरच्या प्रत्येक गाठीला ठरलेली रक्कम, आणि ती वेचणारी, मशीनवरची, फिटर, प्रेसवाले यांच्यात सारखी वाटायची. नमुन्यात सरकीचे तुकडे किंवा सुतळी सापडली तर ती गाठ मोजायची नाही. लाइट गेल्याचा वेळ हिशोबातून वगळायचा, तो कोणाचा दोष नाही.

पण याच्याही आधी मजुरी. गावाचा आठवडी बाजार ज्या दिवशी, त्याच्या आदल्या संध्याकाळी पैसे हातात पडले पाहिजेत. बाजाराच्या दिवशी रात्री मिळाले तर किराणा उधारीवर आणि पुढचा आठवडा दुकानदाराच्या नावावर जातो. सोबत एक चिठ्ठी: दिवस, दर, जादा तास, उचल, बाकी. जादा तासाला कायद्यानं दुप्पट दर आहे, आणि ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती भरून द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणून ‘ते ठेकेदाराचं आहे’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

गैरहजेरीबद्दल तुम्ही चिडून लिहिलंय, पण त्यातली बरीच आधी कळू शकते. जानेवारीत तूर सोंगायला येते. घरची तूर असलेला माणूस ती शेतात उभी ठेवून तुमच्याकडे येणार नाही. डिसेंबरातच विचारा: कोणाची किती एकर, साधारण कधी. चार-चार जणांचे पाळीपाळीनं दिवस लावून द्या. रागानं कापलेल्या हजेरीनं तूर थांबत नाही, माणूस मात्र तुटतो.

बायांसाठी कडी लागणारं, पाणी असलेलं संडास आहे का, तेवढं बघा. नसेल तर त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मार्चच्या उन्हात दुपारी तीनला चक्कर येते. त्याला आळशीपणा समजू नका.

एवढं झाल्यावर शाबासकी द्या, आणि नेमकी द्या. ‘आज तिसऱ्या गंजीतून पाच सुतळ्या तुम्ही काढल्या’ असं, सगळ्यांसमोर, त्याच पाळीत. रागवायचं असेल तर एकट्याला बाजूला घेऊन.

राहिला मुकादम. त्याचं कमिशन डोक्यांवर असेल तर तो रोज नवी माणसं आणेल, आणि नव्या माणसाला मशीनचा आवाज ओळखायला वेळ लागतो. कमिशनचा काही भाग महिनाभर टिकलेल्या माणसांवर बांधा. हंगाम संपला की उचलीचा हिशोब मिटवून प्रत्येकाचा फोन नंबर तुमच्या वहीत घ्या, आणि दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी मुकादमाची वाट न पाहता स्वतः फोन करा.