'एकाला काढा, बाकीचे सरळ होतील' : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या मागील लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे की, वर्कशॉपमध्ये काम अडते ते मी म्हणतो त्या 'गटाच्या अलिखित नियमा'मुळे, म्हणजे दिवसाला किती काम काढायचे हे कामगारांनी आपापसांत ठरवल्यामुळे नव्हे, तर एखाद्या कामचुकारामुळे. त्याला काढला की बाकीचे सरळ होतात. शिवाय, शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या गोष्टी सांगलीजवळ कुपवाडला वर्कशॉप चालवणाऱ्याच्या काय कामाच्या, असेही आपण विचारले आहे. आपल्याकडचे तीन ऑपरेटर रोज अगदी मोजून तेवढेच जॉब (मशीनवर तयार होणारे नग) काढतात, हेही आपणच लिहिले आहे, म्हणून हे उत्तर लांबले.

प्रथम आपल्या बाजूचा पुरावा मीच देतो; मूळ लेखात तो मी गाळला होता. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे स्विच) जोडणाऱ्या मुलींच्या छोट्या गटावर १९२७ पासून प्रयोग झाला आणि 'आपुलकीने विचारपूस केली, विश्रांती दिली, म्हणून उत्पादन वाढले' असा त्याचा अर्थ सांगण्याची प्रथा पडली. मात्र त्यांतल्या दोघींना १९२८ च्या सुरुवातीला हलवून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या, आणि उत्पादनवाढीचा हिशेब करताना ही अदलाबदल सोडून चालणार नाही, असा आक्षेप पुढे अभ्यासकांनीच घेतला. तेव्हा माणूस बदलल्याने फरक पडतो, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

परंतु त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांच्या खोलीत जे दिसले, ते आपल्या तिघांच्या जास्त जवळचे आहे. तिथे व्यवस्थापनाचे उद्दिष्ट माणशी दिवसाला सुमारे ७३०० जोडण्यांचे होते, तर कामगारांनी आपापसांत मानलेला दिवसाचा आकडा ६६०० च्या आसपास होता. त्यापुढे धावणाऱ्याला टोमणे बसत, दंडावर गुद्दाही बसे; फार मागे राहणाऱ्याचीही गय नव्हती. आपल्या 'कामचुकार' या शब्दाला छेद देणारी गोष्ट पुढेच आहे : खोलीतला सर्वांत कमी काम काढणारा गडी बुद्धीच्या चाचणीत पहिला आणि हाताच्या चलाखीत तिसरा आला होता. जास्त काम दिसले की मजुरीचा दर कापला जाईल, ही भीती सर्वांच्या मनात होती.

आता सांगलीचीच गोष्ट. नाव न घेता सांगतो, कारण चूक माझीही होती. मी एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होतो. पंपाच्या बॉडीला ड्रिल मारणाऱ्या अकरा जणांच्या विभागात शिफ्टला १८० जॉब निघत. १७९ नाही आणि १८१ नाही. शिफ्ट साडेतीनला सुटे, पण दोन-सव्वादोनच्या सुमारास मशीन पुसणे, चिप्स झाडणे, ड्रिलला पुन्हा पुन्हा धार लावणे सुरू होई. बाकड्याखाली जुन्या पोत्याने झाकलेले पाच-सहा तयार जॉब कायम असत. एखाद्या दिवशी ड्रिल तुटले किंवा कास्टिंग कडक लागले, की हा 'गल्ला' फुटे आणि आकडा पुन्हा १८० वर येई. आम्ही सर्वांत बोलक्या गड्याला म्होरक्या ठरवून स्टोअरला पाठवले. महिनाभर आकडा १७० वर राहिला, मग पुन्हा १८० वर येऊन थांबला. म्होरकेपण दुसऱ्याने, तेही आजवर मान वर न करणाऱ्याने, उचलले होते.

कारण मला पुढे एका वयस्कर हेल्परने चहाच्या टपरीवर सांगितले. "साहेब, तीन वर्षांमागं एका पोरानं हौसेनं २१० काढले होते. पंधरा दिवसांत बोर्डावर कोटा १५० चा १८० झाला. त्या पोराला इथं कोण पाणी दिना झालं." त्या नोटिशीवर माझीच सही होती. तेव्हा ज्याला आपण आळस म्हणतो, तो त्या अकरा जणांचा आमच्याविषयीचा अनुभव होता, आणि अनुभव म्हणून तो खरा होता.

उपाय फार मोठा नव्हता. मशीन किंवा पद्धत बदलल्याशिवाय कोटा बदलणार नाही, असे लेखी दिले. सहा महिने कोणी विश्वास ठेवला नाही, आणि ते योग्यच होते. मग गल्ल्यातले जॉब उघड्यावर येऊ लागले.

गट म्हणजे नेहमीच पायातली बेडी, असेही मी म्हणत नाही. आपल्याच मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवणारी हमालांची टोळी पाहा : हिशेब टोळीचा, पण कोणाच्या पाठीवर किती पोती चढली हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, त्यामुळे अंग चोरणाऱ्याला मुकादमाआधी जोडीदारच हटकतो. अमेरिका नको असेल, तर अहमदाबाद घ्या. कॅलिको मिलमध्ये १९५३ साली ए. के. राइस या ब्रिटिश संशोधकाच्या देखरेखीखाली ऑटोमॅटिक मागांचे काम सुटे सुटे वाटण्याऐवजी छोट्या गटांकडे ठराविक माग सोपवून पाहिले. त्या गटांत कोण कोणासोबत, हे बरेचसे कामगारांनीच ठरवले. उत्पादन वाढले आणि कापडातले नुकसान घटले.

आपल्या तिघांकडे पाहताना एवढेच तपासा की, टार्गेट शेवटचे कधी बदलले आणि त्याच्या आदल्या महिन्यात कोणी जास्त जॉब काढले होते. तारीख जुळली नाही आणि तिघांतला एकच खरोखर मागे पडत असेल, तर आपले म्हणणे बरोबर ठरेल, आणि तसे इथे अवश्य लिहावे. 'माणूस बदलून काहीही साधत नाही' हे मूळ लेखातले माझे वाक्य मात्र मी आज काढून टाकले आहे.